ऑइल गळती : दोष सीलचा की ब्रीदरचा?

खानदेशात मोटार दुरुस्तीच्या धंद्याला काम कमी नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याला एकत्र येतात आणि दुसरा पुढे जळगाव-भुसावळकडे जातो. केळी-कापूस वाहणाऱ्या पिकअप, काळ्या-पिवळ्या जीप आणि घरगुती मोटारी यांच्यावर आपल्या अनेक कारागीर बंधूंचे घर चालते. या धंद्यात कारागिराची सर्वात जास्त बदनामी करणारे काम म्हणजे ऑइल गळती. गिअरबॉक्स उतरवून मागचे ऑइल सील बदलले जाते, गिऱ्हाईक मजुरीसह पैसे मोजते आणि महिन्याभरात त्याच जागी पुन्हा थेंब दिसू लागतात. मग सील नकली होते, की बसवणारा कच्चा होता, यावर वाद होतो. पुष्कळदा दोन्ही आरोप खोटे असतात. दोष असतो तो इंजिनाच्या श्वासात.

इंजिनाचा श्वास म्हणजे काय?

सिलिंडरमध्ये इंधन जळते तेव्हा थोडा गॅस रिंगांच्या फटीतून खाली क्रँकच्या भागात उतरतो. नव्या इंजिनातही हे थोडेफार घडतेच. हा गॅस बाहेर पडावा म्हणून ब्रीदर असतो. जुन्या गाड्यांत तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडला जाई. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९६१ पासून नव्या मोटारींत तो पुन्हा इंजिनात ओढून जाळण्याची व्यवस्था आली. आज आपल्याकडील गाड्यांतही तीच पद्धत आहे. पेट्रोल गाडीत बहुधा त्यासाठी पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो.

ही वाट तुंबली, किंवा रिंगा झिजून गॅसच जास्त येऊ लागला, की आत दाब वाढतो. तो दाब ऑइलला सर्वात कमजोर जागेतून बाहेर ढकलतो. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, क्रँकचे पुढचे-मागचे सील, कधी डिपस्टिकसुद्धा वर उचलली जाते. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी गळती दिसली, तर आधी ब्रीदरवर संशय घ्यावा.

तपासणीचा क्रम

१) इंजिन आधी धुवून कोरडे करावे. ऑइल खाली उतरते आणि वाऱ्याने मागे पसरते. म्हणून डाग दिसतो ती जागा गळतीची नसते. गाडी फिरवून आणावी आणि सर्वात वरचा, सर्वात पुढचा ओला भाग शोधावा. शक्य तर भरलेली गाडी लळिंग किंवा कन्नड घाटासारख्या चढावर न्यावी. जोर पडल्यावरच गॅस वाढतो आणि खरा दोष उघड होतो.

२) गिअरबॉक्सच्या तोंडाशी टपकणारे ऑइल हुंगून पाहावे. गिअर ऑइल दाट असते व त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. तसे असेल तर सील गिअरबॉक्सचे आहे, इंजिनाचे नाही.

३) डिपस्टिक पाहावी. खुणेपेक्षा जास्त भरलेले ऑइलही ब्रीदरमधून बाहेर पडते.

४) इंजिन गरम करून आयडलवर ठेवावे आणि ऑइल भरण्याचे झाकण उलटे करून तोंडावर नुसते टेकवावे. ते किंचित हलले तर ठीक. उडून पडले किंवा धूर भकाभका निघाला तर दाब जास्त आहे.

५) आता ब्रीदरची नळी काढून तीच परीक्षा पुन्हा करावी. दाब उतरला तर नळी, जाळी किंवा व्हॉल्व्ह तुंबला आहे. साफ करावा किंवा बदलावा, काम थोडक्यात होते. धूर तसाच राहिला तर कॉम्प्रेशन गेज लावावे. पेट्रोल इंजिनात कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या, न चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग पाहावे. डिझेल इंजिनात असे ऑइल टाकू नये, जागा कमी असल्याने इंजिन अडकून मोडण्याची भीती असते. टर्बो असेल तर त्याचीही झीज तपासावी, कारण तिथूनही गॅस खाली येतो.

खानदेशचे विशेष

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो. सततच्या उष्णतेने सीलचे रबर कडक होते. काळ्या मातीची बारीक धूळ एअर फिल्टरच्या फाटक्या नळीतून आत गेली, की रिंगा व लायनर लवकर खातात. ऑइल वेळेवर बदलले नाही तर गाळ साचून ब्रीदर तुंबतो. म्हणून ब्रीदरचे काम करताना एअर फिल्टर व त्याची नळी पाहिल्याशिवाय गाडी सोडू नये.

ब्रीदर बंद करून किंवा त्याची नळी खाली सोडून देऊन डाग लपवण्याची रीत मात्र घातक आहे. बंद केल्यास सील फुटते. नळी सोडल्यास धूर रस्त्यावर जातो, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत तपासणीचा दिवाही पेटू शकतो.

या सगळ्या तपासणीस तासाभरापेक्षा फार वेळ लागत नाही. गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी गिऱ्हाइकाला समोर उभे करून झाकणाची परीक्षा दाखवावी. रिंगा गेल्या असतील तर तसे स्पष्ट सांगावे, नुसते सील बदलून पैसे घेऊ नयेत. बिलावर दोषाचे कारण लिहावे आणि काढलेला भाग हाती द्यावा. आमच्या मते, खरे निदान करणाऱ्या गॅरेजला पाटीपेक्षा गिऱ्हाइकाची जीभ जास्त उपयोगी पडते.