पावातील पुरण आणि जिभेवरील शब्द

ठाण्याच्या आमच्या शाळेत मधल्या सुटीत एका विद्यार्थ्याने पावात आदल्या दिवशीचे पुरण भरून आणिले होते. शेजाऱ्याने घास घेतला व तो उद्गारला, "भावा, विषय हार्ड!" चव कशी आहे, असे आम्ही विचारिले. उत्तर आले, "हार्डच!"

असले शब्द ऐकून पालक संतापतात. पण परकेपणा हा काही दोष नव्हे. ठाण्यावरील पोर्तुगीज अंमल १७३७ साली संपला, तरी त्यांच्या भाषेतील पाव, बटाटा, चावी व पगार हे शब्द आपल्या घरी राहिलेच. वडापावातला वडा तेवढा आपला, बाकीचे पाहुणे! मात्र हे पाहुणे नवी वस्तू किंवा नेमका अर्थ घेऊन आले. "हार्ड" रिकाम्या हाताने आला आणि खमंग, झणझणीत, खुसखुशीत, मधुर या साऱ्यांना त्याने घराबाहेर काढिले. आमची तक्रार एवढीच.

तो शब्द वगळून चव लिहावयास आम्ही त्या शेजाऱ्यास सांगितले. बराच वेळ पेन्सिल चावून त्याने लिहिले: "पाव किंचित खारट, पुरण गोड. शेवटी जायफळाचा वास येतो. आजीच्या घरासारखा."

आम्हांसही एक घास मिळाला. जायफळ खरोखरच होते.