एका पेनीचें टपाल

परगांवीं गेलेल्या मुलाचें पत्र दाराशीं आलें आहे, आई तें हातांत घेऊन उलटसुलट पाहते आहे, आणि न फोडतांच टपालवाल्यास परत देते आहे, असें दृश्य आज कोणीं पाहिलें तर त्यास मोठें नवल वाटेल. परंतु सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील गरिबांच्या घरीं अशा गोष्टी घडत असत. पत्राचें हशील त्या काळीं बहुधा लिहिणाऱ्यानें न देतां घेणाऱ्यानें द्यावयाचें असे, आणि तें अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरे. लंडनहून एडिंबरोस एका कागदाचें पत्र जावयास एक शिलिंगाहून अधिक पडे. शेतमजुराच्या दिवसाच्या मजुरीचा बहुतेक भाग त्यांत जाई. म्हणून कित्येक लोक पत्राच्या बाहेरच खुणेच्या रेघा काढीत. घेणारा ती खूण ओळखी, खुशाली समजे, आणि पत्र नाकारी. सरकारचें श्रम फुकट जात, आणि गरिबास खुणेवर समाधान मानावें लागे. उलटपक्षीं, पार्लमेंटच्या सभासदांचीं पत्रें विनामूल्य जात!

हें इतकें गैरसोयीचें असतां तें बदलत कां नव्हतें? ह्याचें कारण विद्यार्थ्यांनीं नीट समजून घेण्यासारखें आहे. एखाद्या दुकानदारानें वाईट माल महाग विकला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानीं जातें, आणि पहिल्यास सुधारावें लागतें. सरकारी खात्यास शेजारचें दुकान नसतें. शिवाय, नवा प्रयोग फसला तर त्याचा दोष अधिकाऱ्याच्या माथीं येतो; परंतु प्रयोग न केल्यानें जें नुकसान होतें, तें कोणाच्याच खात्यावर मांडलें जात नाहीं. म्हणून सार्वजनिक कामांत नव्या कल्पनेस आपोआप वाट मिळत नाहीं. ती सरकारनें जाणूनबुजून करून द्यावी लागते. ती कशी द्यावी, हें ह्या टपालाच्या हकीकतीवरून उत्तम कळतें.

ही कल्पना काढणारा रोलंड हिल हा टपालखात्याचा नोकर नव्हता. त्याचें पूर्वायुष्य शाळामास्तर म्हणून गेलें होतें. त्यानें सरकारी अहवालांतील आंकडे मिळविले, हिशेब केला, आणि १८३७ सालीं आपलें म्हणणें एका पुस्तिकेच्या रूपानें मांडलें. लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र नुसतें वाहून नेण्यास पेनीचा छत्तिसावा हिस्सादेखील पुरतो, असें त्यास आढळलें. खरा खर्च वाहतुकीचा नव्हता. तो प्रत्येक पत्राचें अंतर पाहणें, दर ठरविणें, हिशेब ठेवणें आणि दारोदार पैसे वसूल करणें ह्याचा होता. म्हणून त्यानें सुचविलें कीं, अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्रास, तें राज्यांत कोठेंही जावो, एकच पेनी घ्यावी, आणि ती लिहिणाऱ्यानें आधींच द्यावी.

खात्याच्या वरिष्ठांस ही कल्पना वेडगळ वाटली. टपालखात्याचे मुख्य लॉर्ड लिचफील्ड ह्यांनीं ती लॉर्डांच्या सभेंत उघडपणें धुडकावून लाविली. परंतु प्रकरण तेथेंच संपलें नाहीं. रॉबर्ट वॉलेस ह्यांच्या अध्यक्षतेखालीं कॉमन्स सभेची चौकशी समिति बसली. खात्याबाहेरील लोकांच्याही साक्षी झाल्या. पार्लमेंटकडे दोन हजारांहून अधिक अर्ज गेले. अखेर १८३९ सालीं कायदा झाला. नव्या कल्पनेचा न्याय ज्या खात्यास ती गैरसोयीची आहे त्यानेंच एकट्यानें करूं नये, तो उघड चौकशींत व्हावा, हा येथील पहिला धडा होय.

दुसरा धडा असा कीं, ज्याची कल्पना त्यासच कामास लावावें. सरकारनें हिल ह्यास खजिन्याच्या खात्यांत नेमिलें. हशील आगाऊ भरल्याची खूण कशी असावी ह्याविषयीं बक्षिसें लावून जनतेकडून सूचना मागविल्या, तेव्हां सुमारें २,६०० सूचना आल्या. तिसरा धडा, पाऊल बेतानें टाकावें. ५ डिसेंबर १८३९ पासून प्रथम चार पेन्यांचा समान दर लाविला. तो नीट चालतो असें पाहून १० जानेवारी १८४० पासून एक पेनी केला. आणि ६ मे १८४० पासून टपालाचें तिकीट चालू झालें.

चौथा धडा, चूक दिसतांच ती दुरुस्त करावी. तिकिटाबरोबरच सरकारनें विल्यम मुलरेडी ह्या चित्रकाराकडून एक भव्य चित्राचें पाकीट करविलें होतें. लोकांनीं त्याची इतकी थट्टा केली कीं तें लवकरच मागें घ्यावें लागलें. लहानसें तिकीट मात्र सर्वांस आवडलें. पहिलें तिकीट काळें होतें व त्यावर तांबडा छाप मारीत. तो पुसून तींच तिकिटें पुन्हां वापरतां येतात असें दिसतांच १८४१ सालीं तिकीट तांबडें आणि छाप काळा करण्यांत आला.

ह्याचें फळ काय झालें? १८३९ सालीं सुमारें ७ कोटी ६० लक्ष पत्रें गेलीं होतीं. १८४० सालीं तीं सुमारें १६ कोटी ९० लक्ष झालीं. परंतु खात्याचें निव्वळ उत्पन्न सोळा लक्ष पौंडांवरून पांच लक्षांवर उतरलें, आणि पूर्वपदावर येण्यास त्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. तोटा लवकर भरून येईल हा हिलचा अंदाज चुकला, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. मंत्रिमंडळ बदलल्यावर १८४२ सालीं त्यास कामावरून दूरही करण्यांत आलें. सुदैवानें कायदा टिकला. १८४६ सालीं हिल परत आला आणि १८५४ सालीं खात्याचा सेक्रेटरी झाला. त्या वर्षांत केवळ शिलकेकडे पाहून सरकारनें दर वाढविला असता, तर गरिबाघरचें पत्र पुन्हां दारावरूनच परत गेलें असतें. सार्वजनिक सेवेचा नफा मोजतांना खजिन्याबरोबर लोकांचीं घरेंही पाहावीं लागतात, आणि कांहीं वर्षें धीर धरावा लागतो, हा पांचवा व सर्वांत कठीण धडा.

हीच कल्पना आपल्या देशांत आली ती प्रथम एका कोपऱ्यांत. सिंध त्या वेळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर ह्यांनीं १ जुलै १८५२ रोजीं अर्ध्या आण्याचें तिकीट काढिलें. तांबड्या लाखेचीं तिकिटें ठिसूळ निघालीं, म्हणून तीं कागदावर काढण्यांत आलीं. दोन वर्षांनीं, १८५४ सालीं, ब्रिटिश अमलाखालील सर्व हिंदुस्थानांत हलक्या पत्रास, अंतर कितीही असो, अर्धा आणा हा दर झाला.

नवी कल्पना बाहेरूनच येते असें मात्र नाहीं. एकाच नांवाचीं अनेक गांवें आणि पत्त्यांच्या अनेक लिप्या ह्यांमुळें पत्रें चुकत, त्यावर सहा आंकड्यांचा पिनकोड हा उपाय १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्याचे योजक श्रीराम भिकाजी वेलणकर हे सरकारी अधिकारीच होते, आणि संस्कृतचे नामांकित कवीही होते. खात्यांतील माणसास विचार करण्याची मोकळीक असली म्हणजे खातें आंतूनही सुधारतें.

विद्यार्थिमित्रांनो, सरकार म्हणजे कोणी परकी वस्तु नव्हे. उद्यां तुमच्यापैकींच कोणी टपालांत, कोणी नगरपालिकेंत, कोणी शाळेंत काम करील. तेव्हां कोणी येऊन “हें असें कां?” असें विचारलें, तर त्यास उंबऱ्यावरून परत पाठवूं नका, त्याचा हिशेब तपासून पाहा. आणि आज तुम्हांस कांहीं सुचत असेल, तर नुसती तक्रार न करितां हिलप्रमाणें आंकडे जमवून अर्ज करा. पालकांसही एक विनंति आहे. घरांतील मूल जेव्हां हाच प्रश्न विचारतें, तेव्हां त्यास गप्प बसवूं नये. सुधारणेचा पहिला अर्ज बहुधा घरांतच होत असतो.