सूर्याला सरपण कोण घालतं?

आपल्या सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात लई ऊन तापतं. पारा ४० अंशांच्या वर जातो. हे ऊन १५ कोटी किलोमीटरवरून येतं. तिथून इथं यायला प्रकाशाला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. इतक्या लांबून चटका बसतो, मग तिथं जळतं तरी काय?

सरपण संपलं की चूल विझते. सूर्य नुसत्या कोळशाचा असता तर काही हजार वर्षांत संपला असता. पण त्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं आहे. म्हणजे सूर्य चुलीसारखा जळत नाही.

सूर्यात सगळ्यात जास्त हायड्रोजन वायू आहे. सूर्याच्या पोटात सुमारे दीड कोटी अंश उष्णता असते आणि दाबही फार असतो. तिथं हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांवर आदळून जोडले जातात. शेवटी चार अणुगर्भांचा मिळून हेलियमचा एक अणुगर्भ बनतो. याला अणुसंमीलन म्हणतात.

आता गंमत बघा. गिरणीत दळण टाकलं की पीठ थोडं घटतं. तसंच १००० किलो हायड्रोजनचं ९९३ किलो हेलियम होतं. ७ किलोची घट येते. तीच घट उष्णता व प्रकाश होऊन बाहेर पडते. सूर्यात अशी दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन घट होते!

हेलियम आधी सूर्यातच सापडला. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. ते कोकणात विजयदुर्गला आणि आपल्या दक्षिणेला विजापूरच्या पुढे जमखंडीलाही दिसलं. त्या ग्रहणात सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेघ दिसली. ही नव्या वायूची रेघ आहे, हे नॉर्मन लॉकियर यांनी ओळखलं. ग्रीक भाषेत सूर्याला हेलिऑस म्हणतात, त्यावरून हेलियम नाव पडलं. पृथ्वीवर तो १८९५ साली मिळाला.

रात्रीच्या चांदण्याही सूर्यच आहेत. लांब आहेत म्हणून बारीक दिसतात.

सूर्याचं हायड्रोजन अजून सुमारे ५०० कोटी वर्षं पुरेल. मंगळवेढ्याची ज्वारी याच उन्हावर पिकते. आपण भाकरी खातो, तेव्हा सूर्याची ऊर्जाच पोटात जाते. पण सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीच बघू नका. डोळे जातील.

सांगा पाहू : रात्री सूर्याचं काम बंद असतं का?

— इयत्ता ४ थी