बेंगळुरूला जायचं, पण कधी?

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त बेंगळुरूला असतो. 'कधीही या, इथं बारा महिने एसी लावल्यासारखी हवा असते,' असं तो म्हणतो. शेजारी सांगतात, पावसाळा टाळा. आम्हा दोघांना अकोल्याच्या उन्हाळ्यातून सुटका हवी आहे आणि शहरही नीट बघायचं आहे. कोणता महिना धरावा?
– एक वाचक, अकोला

उत्तर : चिरंजीवांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. मार्चअखेर आणि एप्रिल तेवढे वगळायला ते विसरले. नोकरदार माणूस एप्रिलची दुपार ऑफिसात काढतो, त्याला फरक कळत नाही. तुम्ही मात्र घरात असाल, आणि फ्लॅट वरच्या मजल्यावरचा असेल तर चांगलाच कळेल. 2016 च्या एप्रिलमध्ये तर तिथला पारा 39 अंशांच्या पुढे गेला होता.

आता हे असं का, ते पाहू. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे, अकोला तीनशेच्या आत. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे ते शहर आपल्यापेक्षा गार असणारच. पण उन्हाळ्याचं वेळापत्रकही वेगळं आहे. बेंगळुरू 13 उत्तर अक्षांशावर असल्यानं तिथं सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो 24 एप्रिलच्या आसपास. अकोल्यात हाच शून्य सावलीचा दिवस मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. म्हणजे आपल्याकडे उन्हाळा ऐन भरात येतो तेव्हा तिथला ओसरायला लागलेला असतो. परतीच्या वाटेवर, ऑगस्टच्या मध्यानंतर, सूर्य पुन्हा एकदा बेंगळुरूच्या माथ्यावर येतो, पण तेव्हा ढगांमुळे कुणाला पत्ताही लागत नाही.

मे महिन्यात तिथं वळीव जोरात असतो. सरासरीनं शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस एकट्या मेमध्येच होतो. दुपारपर्यंत ऊन, चारच्या सुमारास ढग दाटतात, विजा कडाडतात, तास-दोन तास झोडपून काढतो आणि रात्री पांघरूण घ्यावंसं वाटतं. त्यामुळे तुमची सुटका एप्रिलमध्ये नाही, 20 मेनंतर आहे. नातवंडं असतील तर त्यांच्या शाळा मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभी सुरू होतात, तेवढं बघून तिकीट काढा.

शेजाऱ्यांच्या पावसाळ्याबद्दल. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा मुंबईचा जुलै असावा. बेंगळुरू सह्याद्रीच्या पलीकडे, पर्जन्यछायेत येतं. जून-जुलैत वारा भरपूर, आभाळ भरलेलं आणि अधूनमधून भुरभुर, एवढंच. जुलैची दुपार 28 अंशांच्या आसपास राहते. खरा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि तोही बहुतेक संध्याकाळी. वर्षभराचा हिशेब मांडला तर तिथला पाऊस अकोल्यापेक्षा काही फार जास्त नाही, वाटणी तेवढी निराळी. आपण ज्या ऑक्टोबर हीटला वैतागतो ती तिथं नाहीच. मात्र त्या दिवसांत संध्याकाळी सहाला टॅक्सीत बसून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाण्याचं धाडस करू नका. सखल रस्त्यावर पाणी साचलं की गाडी तासभर एकाच सिग्नलवर उभी राहते. बाहेरची कामं सकाळीच उरकावीत.

थंडीचा बाऊ तर अजिबात नको. तिथली जानेवारीतली पहाट 15-16 अंशांची. तुमच्याकडची पहाट बहुधा याहून गारच असते.

मग शहर 'नीट बघायचं' ते केव्हा? इथं हवेपेक्षा झाडं बघून ठरवावं, असं माझं मत. गुस्ताव्ह हर्मन क्रुम्बिगेल नावाचे एक जर्मन उद्यानतज्ज्ञ होते. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीत होते, 1908 मध्ये म्हैसूर संस्थानात आले. रस्त्यांच्या कडेला अशी झाडं लावावीत की एकाचा बहर सरतो न सरतो तोच दुसऱ्याचा सुरू व्हावा, हा त्यांचा ध्यास. त्याचं फळ शहर आजही भोगतं आहे. हिवाळ्यात गुलाबी टॅबेबुइया फुलतो. फांदीवर पान क्वचितच, नुसते कर्ण्यासारख्या फुलांचे घोस. झाडाखाली उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटवर सकाळी गुलाबी थर साचलेला असतो. मग पिवळा टॅबेबुइया, मार्चमध्ये नीलमोहर, एप्रिल-मेमध्ये गुलमोहर.

तरीही एकच महिना सांगा म्हणालात तर मी जानेवारीला मत देईन. संक्रांतीच्या संध्याकाळी गवी गंगाधरेश्वराच्या गुहामंदिरात नंदीच्या शिंगांमधून येणारा मावळतीचा किरण पिंडीवर पडतो. गर्दी मात्र अशी की प्रत्यक्ष बघायला मिळेलच असं नाही. बाजारात अवरेकाई येते, आपल्या पावट्याच्या कुळातली. शेंगांचा हाताला लागणारा तेलकट उग्र वास धुतला तरी जात नाही. बायका भिजवलेले दाणे बोटांत दाबून साल काढत बसतात, आणि त्या सोललेल्या दाण्यांचं उप्पीट आणि सांबार घरोघर होतं. या दिवसांत ते खाल्लं नाही तर फेरी फुकट गेली असं खुशाल समजा.

तुमचं तिथं हक्काचं घर आहे, हॉटेलचा खर्च नाही. तेव्हा दोन फेऱ्या करा : उन्हापासून पळायला 20 मे ते जूनचा पहिला पंधरवडा, आणि फिरायला जानेवारीचा उत्तरार्ध. लालबागेतलं पुष्पप्रदर्शन 26 जानेवारीच्या आसपास असतं (दुसरं 15 ऑगस्टला). त्याला शनिवार-रविवारी जाऊ नका, फुलांऐवजी पुढच्याची पाठ बघावी लागेल. मधल्या वारी सकाळी बाग उघडताच जा, 1889 मध्ये पायाभरणी झालेलं काचघर आधी बघा आणि ऊन चढण्यापूर्वी मागच्या खडकावर चढा. तो खडक सुमारे तीन अब्ज वर्षांपूर्वीचा आहे. चढ फारसा नाही, पण पृष्ठभाग गुळगुळीत आहे, तेव्हा पायांत चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत.