९७ पर्सेंटाइलला सीओईपी मिळेल का?

प्रश्न : मुलीला एमएचटी-सीईटीत ९७ पर्सेंटाइल आहेत. पुण्याच्या सीओईपीत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयत कॉम्प्युटर मिळेल का?

उत्तर : तिथलं कॉम्प्युटर जवळजवळ अशक्य समजा, खुल्या गटात त्यासाठी ९९च्याही बऱ्याच वर असावं लागतं. पण म्हणून ते अर्जातून काढू नका. वरचे पर्याय भरल्याने खालची संधी जात नाही.

अंदाज पर्सेंटाइलवरून नको, मेरिट क्रमांकावरून बांधा. ३ लाख परीक्षार्थी असतील तर ९७च्या पुढे साधारण ९ हजार जण असतात, ४ लाख असतील तर १२ हजार. सीईटी सेलच्या गेल्या वर्षीच्या कटऑफ यादीत पर्सेंटाइल आणि मेरिट क्रमांक हे दोन्ही आकडे असतात. तिथे मुलीने ‘एल’ने सुरू होणारे रकानेही पाहावेत; त्या मुलींसाठी राखीव जागा. पालक नेमके ‘जी’चेच, म्हणजे सर्वसाधारण जागांचे, रकाने पाहून निराश होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रवेशाच्या शेवटच्या फेरीचा कटऑफ पाहून हुरळू नका, पहिल्या फेरीचाही पाहा. आणि पहिल्या क्रमांकावर मनापासून हवं तेच कॉलेज लिहा : पहिल्याच फेरीत ते मिळालं, तर पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही.