कॉम्प्युटरशिवाय चालणारा हेडसेट

प्रश्न : मेटा क्वेस्ट ३ या व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटसाठी वेगळा कॉम्प्युटर लागतो का? मला चष्मा आहे, चालेल ना?

उत्तर : कॉम्प्युटर लागत नाही. चिप, ८ जीबी रॅम, बॅटरी, सगळं त्या ५१५ ग्रॅममध्येच आहे. मला सगळ्यात आवडतात ते पुढचे रंगीत कॅमेरे. हेडसेट घालूनही तुमचीच खोली दिसते, आणि डेप्थ सेन्सर भिंती, टेबल यांचं अंतर मोजत असल्यामुळे आभासी चेंडू खऱ्या भिंतीवर आपटून परत येतो! कंट्रोलर बाजूला ठेवून नुसत्या बोटांनीही बरंच काही करता येतं. चार्जिंग मात्र जेमतेम दोन तास पुरतं. चष्म्यासाठी भिंगांचं चेहऱ्यापासूनचं अंतर वाढवता येतं. तरी फ्रेम रुंद असेल तर आधी घालून बघाच. काच भिंगावर घासली, तर ओरखडा कायमचा.