धुण्याचा सोडा व चोपण जमीन

रसायनशाळेंत सोडियम कार्बोनेट म्हणून ओळखला जाणारा क्षार आपल्या घरीं धुण्याचा सोडा या नांवानें असतो. त्याच्या खड्यांत शंभर भागांत सुमारें ६३ भाग पाणीच असतें. म्हणून खडे कोरड्या हवेंत उघडे राहिल्यास त्यांची पांढरी भुकटी होते. ती टाकाऊ समजूं नये. वजनास वजन ती खड्यांहून तीव्रच असते. जड पाण्यांतील चुना हा क्षार तळाशीं बसवितो, त्यामुळें साबणास फेस येतो. चांगला चुना न मिळाल्यास मोरचुदाबरोबर सोडा वापरून बुरशीवरील बर्गंडी मिश्रण करितां येतें. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराच्या पाण्यांत तो निसर्गतःच आहे.

हाच क्षार शेतांत उतरला म्हणजे मात्र वैरी होतो. त्यांतील सोडियम चिकणमातीच्या कणांस धरून बसतो, कण सुटे होतात व मातींतील छिद्रें बुजतात. मग पाणी वर तुंबतें आणि वाळल्यावर जमीन विटेसारखी टणक होते. कुजलेलें खतही सोड्याच्या पाण्यांत विरघळून पृष्ठभागावर काळसर थर दिसतो. दप्तरांत अशा तुकड्यापुढें ‘पड’ असा शेरा पडतो. पण शेरा मारल्यानें जमीन सुधारत नाहीं.

पांढरा थर दिसतांच सोडा आहे असें मानण्याची चूक पुष्कळांकडून होते. साध्या मिठासारख्या क्षारांचा थर असेल तर निचरा करून गोडें पाणी भरल्यास तो धुऊन जातो. सोड्याच्या जमिनीस नुसतें पाणी दिल्यास ती अधिकच बसते. आम्ल टाकून फेस पाहण्याची रीतही फसवी. चुनखडीसही फेस येतोच. माती पाण्यांत ढवळून निवळी काढावी व तींत हळदीनें रंगविलेला कागद बुडवावा. तो तांबूस झाल्यास सोड्याचा संशय धरून माती तपासणीस पाठवावी.

उपाय जिप्समचा. त्यांतील चुन्याचा अंश सोडियमची जागा घेतो आणि सोडियम सल्फेटच्या रूपानें विरघळून जाण्यास मोकळा होतो. मात्र त्यास वाट हवी. म्हणून आधीं चर खणावे, मग तपासणींत सांगितलेल्या मापानें जिप्सम मातींत मिसळून पाणी द्यावें, व नंतर धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वीं गाडावा. चर नसतां टाकलेलें जिप्सम म्हणजे पैशांची नासाडी होय.

विहिरीचें पाणीही तपासून घ्यावें. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट दर लिटरास २.५ मिलिइक्विव्हॅलंटहून अधिक निघाल्यास तें पाणी काळ्या जमिनीस देऊं नये.